मासे मेले, तर पाणी पहाटे तपासा

महोदय,

उन्हाळ्याच्या अखेरीस, आणि पहिला वळीव पडून गेल्यावर तर हमखास, एखाद्या तळ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी येते. सोबत ‘विषप्रयोगाचा संशय’ असतो आणि काही दिवसांनी ‘पाण्यातील ऑक्सिजन समाधानकारक’ असा अहवाल. हा नमुना किती वाजता घेतला, हे मात्र कोणी छापत नाही. खरी मेख तिथेच आहे.

पाण्याचा रेणू ध्रुवीय असतो (त्याच्या एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्याला किंचित ऋण विद्युतभार असतो), म्हणून मीठ-साखर त्यात झटकन विरघळते. ऑक्सिजनचा रेणू तसा नाही. तो पाण्यात जेमतेम मावतो. एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. हवेशी समतोल साधलेल्या लिटरभर पाण्यात तो २० अंश सेल्सिअसला ९.१ आणि ३० अंशांना फक्त ७.५ मिलिग्रॅम राहतो. हे आकडे समुद्रसपाटीचे. पुणे-कोल्हापूरच्या उंचीवर आणखी सुमारे सहा टक्के घट धरायची. कटला-रोहूला ५ मिलिग्रॅम तरी हवा, आणि पातळी दोनच्या खाली काही तास राहिली तरी ते मरू लागतात. म्हणजे उन्हाळ्यात मुळात हाताशी उरतात दोनच मिलिग्रॅम.

सांडपाण्यावर पोसलेले हिरवे शेवाळ दिवसा भरपूर ऑक्सिजन सोडते, त्यामुळे दुपारी पृष्ठभागावर आकडा १२ च्याही वर जाऊ शकतो. रात्री तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू ऑक्सिजन खात राहतात. नीचांक गाठला जातो सूर्योदयाच्या सुमारास. वळवाने दुहेरी घात होतो: नाल्यांतली घाण तळ्यात येते आणि गार पाण्याने थर ढवळले जाऊन तळाचे ऑक्सिजनहीन पाणी वर येते. पाठोपाठ ढगाळ हवा राहिली तर शेवाळही भरपाई करू शकत नाही.

लक्षणे वेगळी ओळखता येतात. ऑक्सिजन संपला असेल तर मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून धापा टाकतात. मोठे मासे आधी मरतात, आणि हवेतून श्वास घेऊ शकणारे मरळ-मांगूर तगतात. विष असेल तर बहुधा वेळकाळ नसतो आणि लहान-मोठे सगळेच जीव सापडतात.

नमुना पहाटे साडेपाच-सहाला, पृष्ठभागाचा आणि तळाजवळचा असा वेगवेगळा घ्यावा. काचेच्या ३०० मिलिलिटर बाटलीत पाणी बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरून जागेवरच २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड ही तपासणीची द्रावणे पिपेटचे टोक पाण्यात बुडवून सोडावीत, बूच लावून बाटली उलटसुलट करावी. साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. एवढे तर काठावर उभ्या माणसालाही दिसते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये हिंदकळत प्रयोगशाळेत नेलेल्या पाण्यात वाटेतच हवा मिसळते. त्यावरचा आकडा निरुपयोगी असतो.

मासे मरू लागले की घाईने मोरचूद किंवा चुना टाकण्याचा उपाय आम्हाला सर्वांत धोक्याचा वाटतो. मोरचुदाने शेवाळ एकदम मरते आणि त्याच्या कुजण्यात उरलासुरला ऑक्सिजन जातो. जास्त चुन्याने सामू (pH) चढतो आणि सांडपाण्यातून व कुजण्यातून आलेला अमोनिया अधिक विषारी होतो: सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू ९ झाला की २५ अंशांनाच तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होतो. त्याऐवजी मध्यरात्रीपासून सूर्य वर येईपर्यंत एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) किंवा पाणी उडवणारे पंप चालवावेत, माशांना खाद्य घालणे थांबवावे, मेलेले मासे आणि उपटलेली जलपर्णी काठावर न ठेवता दूर न्यावी.

नगरपालिकांनी अहवालात नमुन्याची वेळ, खोली आणि पाण्याचे तापमान नोंदवणे बंधनकारक करावे, आणि आपल्या वार्ताहरांनीही बातमी देताना हे तीन आकडे मागून घ्यावेत, ही विनंती.

– पाणी तपासणीच्या क्षेत्रातील काही वाचक