छायाकल्प ग्रहणाच्या वेळा छापताना

प्रति,
मा. संपादक,
स. न.

महोदय,

शुक्रवार, ५ मे २०२३ रोजी, वैशाख पौर्णिमेच्या रात्री झालेल्या छायाकल्प चंद्रग्रहणाची (ज्यात चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत न शिरता तिच्याभोवतीच्या विरळ उपच्छायेतूनच जातो) बातमी बहुतेक वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी दिली. ग्रहण रात्री ८ वाजून ४४ मिनिटांनी सुरू होईल आणि १ च्या सुमारास संपेल, ही तिच्यातील माहिती बिनचूक होती. मात्र अनेक ठिकाणी सोबत तांबड्या, अर्ध्या झाकलेल्या चंद्राचे छायाचित्र होते आणि या ग्रहणात प्रत्यक्षात काय दिसणार, याचा उल्लेख कुठेच नव्हता. परिणामी येथे वाईत आमच्या इमारतीच्या गच्चीवर पावणेनऊला जमलेली मंडळी सव्वानऊपर्यंत ‘काहीच होत नाही’ असे म्हणत खाली उतरली. चूक त्यांची नव्हती. त्यांना जी वेळ सांगितली होती, ती चंद्राची कड उपच्छायेला टेकण्याची, म्हणजे गणिताची वेळ होती. डोळ्यांना त्या क्षणी फरक कळणे शक्यच नसते.

उपच्छाया म्हणजे पृथ्वीच्या गडद सावलीभोवतीचा विरळ पट्टा. चंद्राच्या या पट्ट्यात आलेल्या भागावर उभे राहून पाहिले, तर पृथ्वीने सूर्य पूर्ण न झाकता त्याचा काही अंश झाकलेला दिसेल, त्यामुळे तेथे पोहोचणारा प्रकाश फक्त कमी होतो, नाहीसा होत नाही. हा पट्टा बाहेरच्या कडेला इतका फिका असतो, की बिंबाचा निम्म्याहून बराच अधिक भाग त्यात शिरल्याशिवाय साध्या डोळ्यांना काही जाणवत नाही. ५ मेच्या ग्रहणात चंद्राचा सुमारे ९६ टक्के व्यास उपच्छायेत गेला होता आणि त्याची उत्तरेकडील कड गडद सावलीच्या अगदी जवळून गेली, म्हणून हे छायाकल्प ग्रहण त्यातल्या त्यात पाहण्याजोगे होते.

मी आणि दोन शाळकरी मुले मात्र गच्चीवर थांबलो. अवकाळीचे ढग मधूनमधून आडवे येत होते. चंद्र आग्नेयेला, वैराटगडाच्या बाजूला, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर होता आणि विशाखेचा तारा त्याच्या शेजारीच होता. दहा वाजून गेल्यावर बिंबाची वरची डावी कड मळकट वाटू लागली. १० वाजून ५२ मिनिटांनी, ग्रहणाच्या मध्याला तर काचेवर कोणी धुराचा हात फिरवावा तशी ती करडी झाली होती. साडेअकरानंतर पुन्हा सगळे पूर्ववत दिसू लागले. पौर्णिमेच्या चंद्राच्या झळाळीने डोळे दिपतात, म्हणून गॉगल लावून किंवा बादलीतील पाण्यात प्रतिबिंब पाहिल्यास हा फरक अधिक स्पष्ट कळतो, हा शोध मुलांनीच लावला. मोबाइलचा कॅमेरा उजेड आपोआप कमीजास्त करून तो फरक पुसून टाकतो. उजेडाचे प्रमाण कायम ठेवून साडेआठला आणि मध्याला काढलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवली, तेव्हा तो निर्विवाद दिसला.

तेव्हा माझी सूचना एवढीच, की छायाकल्प ग्रहणाच्या बातमीत स्पर्श (आरंभ) आणि मोक्ष (शेवट) यांच्या वेळांपेक्षा मध्याची वेळ ठळक छापावी, त्याच्या अलीकडे-पलीकडे सुमारे पाऊण तासच पाहण्यासारखा असतो हे सांगावे, आणि त्या वेळी चंद्र आपल्या जिल्ह्यातून कोणत्या दिशेला व किती उंचीवर असेल तेही द्यावे. ‘आपल्या जिल्ह्यातून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. २०२० साली चार छायाकल्प ग्रहणे झाली. त्यांपैकी ५ जुलैचे, गुरुपौर्णिमेचे ग्रहण आपल्याकडे दिवसा होते, ३० नोव्हेंबरचे वाईत चंद्र उगवण्यापूर्वीच संपले, आणि ५ जूनच्या रात्रीचे इतके उथळ होते, की निरभ्र आकाशातही ते ओळखू येणे कठीण. उरले फक्त १० जानेवारीचे.

आणखी एक. काही वाहिन्यांनी या ग्रहणाच्या ‘सुतका’चे तास सांगितले. मराठीत ग्रहणाचे वेध असतात, सुतक हा शब्द आपण वेगळ्याच प्रसंगी वापरतो. आणि छायाकल्प ग्रहणाचे वेध पाळण्यास पंचांगकर्तेसुद्धा सांगत नाहीत.

२८ ऑक्टोबर २०२३ ला कोजागरीच्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण झाले. त्याचा छायाकल्प भाग साडेअकराच्या सुमारास सुरू झाला, पण गडद सावलीचा लहानसा घास मध्यरात्रीनंतर १ वाजून ५ मिनिटांपासून २ वाजून २२ मिनिटांपर्यंत होता. अशा ग्रहणाच्या दोन्ही वेळा वेगवेगळ्या छापल्यास दुधाची पातेली घेऊन गच्चीवर बसलेल्या मंडळींना केव्हा वर पाहायचे ते कळेल.

आपला,
एक नियमित वाचक,
वाई, जि. सातारा