मे १९३० चा एखादा कागद तुमच्या घरात आहे का?

सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

गेल्या महिन्यात साखर पेठेतल्या एक आजी आमच्या वाचनालयात आल्या. पदराखाली पत्र्याचा डबा. डब्यात दोन जुनी रेशनकार्डं, गिरणीचा पितळी बिल्ला आणि तळाशी एक पोस्टकार्ड, मोडीत लिहिलेलं. त्यांच्या सासऱ्यांनी मे १९३० मध्ये गावाकडच्या थोरल्या भावासाठी लिहिलं होतं. गिरणी कधी सुरू होईल ठाऊक नाही, धाकट्याचा ताप उतरला, आणि मग दोन ओळी शाईने पार गिरवून खोडलेल्या. कार्डावर पोस्टाचा शिक्का नाही. लिहिलं, खोडलं आणि शेवटी टाकलंच नाही. सोलापुरात त्या दिवसांत माणूस काय लिहायला घाबरत होता, हे आम्हाला त्या कार्डाने जितकं सांगितलं तितकं कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

तो काळ आपल्याला साधारण माहीत असतो. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं. ८ मे १९३० ला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात दोन पोलिसांचा जीव गेला. पोलीस शहर सोडून गेले आणि ९ ते ११ मे गावचा कारभार काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सांभाळला. १२ मे पासून मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणं हासुद्धा गुन्हा ठरला. पोलिसांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांच्यावर खटला चालला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली. चार पुतळ्यांपाशी दर वर्षी आपण हार घालतो तो त्याच तारखेला.

हे चौघं त्या खुनात नव्हतेच, त्यांना गोवलं, असं सोलापुरात घराघरांत सांगितलं जातं. सरकारी दप्तर अर्थातच वेगळं बोलतं. पण दप्तर जपायला सरकार आहे. घरातली बाजू जपायला कोण आहे? ती आजीच्या डब्यात आहे, माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, आणि कसर ती रोज थोडी थोडी खाते आहे. ज्यांनी ती आपल्या आई-वडिलांच्या तोंडून ऐकली तेही आता थकले आहेत. म्हणून हे आवाहन.

आम्हाला मे १९३० ते जानेवारी १९३१ या काळातलं जे असेल ते हवं आहे. पत्र, वहीचं पान, दुकानाची रोजकीर्द, गिरणीचं पगारपत्रक, फोटो, वर्तमानपत्राचं कात्रण. ‘आमच्यात काय असणार, आम्ही साधी माणसं’ असं कृपा करून म्हणू नका. रोजकीर्दीत चार दिवसांची पानं कोरी सोडलेली असली तरी त्या दिवशी दुकान बंद होतं एवढं कळतं. कुर्बान हुसेन यांच्या ‘गझनफर’ या वर्तमानपत्राचा एखादा अंक, अगदी फाटकं पान जरी कुणाकडे असेल, तर त्यासाठी आम्ही कुठेही यायला तयार आहोत.

आणखी एक गोष्ट मनापासून लिहितो. चौघांची नावं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. चौकीत मेलेल्या त्या दोन पोलिसांची नावं आमच्यातल्या जाणत्यांनाही चटकन सांगता आली नाहीत. त्यांच्या घरचं कुणी हे वाचत असेल, तर त्यांनीही यावं. तुमची आठवण आम्ही तितक्याच आदराने लिहून घेऊ. त्या दिवसाचा दुखवटा तुमच्याही घरात होता.

मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. तुमच्यासमोर स्कॅन करतो आणि तुमच्या हातात परत देतो. तोवर एवढं करा: लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. घडी तुटायला आली असेल तर उलगडू नका, तशीच घेऊन या. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी आमची मुलं फोन घेऊन येतील आणि आठवणी रेकॉर्ड करून घेतील. मराठीतच बोललं पाहिजे असं नाही. कन्नड, तेलुगू, उर्दू, मारवाडी, घरात जी भाषा असेल ती. फाशी गेलेल्या चौघांच्या घरीही एक भाषा नव्हती.

पैशांचीही गरज आहे, ते लपवत नाही. चांगला स्कॅनर घ्यायचा आहे, कागद सांभाळायला पेट्या करायच्या आहेत, आणि मोडी वाचणाऱ्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणं आम्हाला बरं वाटत नाही. दहा रुपये दिले तरी पावती मिळेल आणि हिशेब वाचनालयाच्या फलकावर दर महिन्याला लागेल. पैसे जमत नसतील तर रविवारची सकाळ द्या. उर्दू किंवा कन्नड हस्ताक्षर वाचणारी माणसं आम्हाला पैशांपेक्षा जास्त हवी आहेत.

दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही वाचनालयात असतो.

आजींचं पोस्टकार्ड त्यांच्या डब्यात परत गेलं. त्या दोन खोडलेल्या ओळी मात्र आम्हाला अजून लागलेल्या नाहीत. स्कॅन मोठा करून पाहिला, एक ‘चौकी’ आणि शेवटी कुणाचं तरी नाव, एवढंच दिसतं. मोडीवर हात बसलेलं कुणी असेल तर आधी तेवढ्यासाठी या.

आपली,
वाचनालय समिती, सोलापूर