तेल्या आधी ओळखा, मग फवारा

महोदय,

गेल्या पावसाळ्यात सटाण्याच्या आमच्या बागेत मृग बहाराच्या डाळिंबांवर आणि पानांवर काळपट ठिपके दिसले. दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो पाहून ‘तेल्याच आहे’, म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग, असं म्हणत स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाची पाकिटं दिली. दोन फवारण्या केल्या, फरक शून्य. शेवटी कृषी पदवीधर भाच्याने डागाची कड ब्लेडने कापून काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तेल्या असता, तर त्या कडेतून जिवाणूंचा लोट धुरासारखा बाहेर पडला असता. थेंब स्वच्छच राहिला. डाग बुरशीचा होता! बुरशीवर प्रतिजैविक काय करणार?

तेल्याचा जिवाणू झॅन्थोमोनास गटातला. पावसाचे उडते थेंब, छाटणीची कात्री, रोगट रोपं यांतून तो पसरतो. तेलकट डाग मोठा होऊन फळ तडकलं की कोणीही ओळखेल, पण तोवर बाग हातची गेलेली असते. सुरुवातीला अनुभवी माणूसही फसतो.

राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरला आहे. बागलाण, मालेगाव, देवळ्याच्या शेतकऱ्याने प्रत्येक पान तिथे कसं न्यायचं? कृषी विभागाने तालुक्याच्या ठिकाणी सूक्ष्मदर्शक, जिवाणू वाढवून पाहण्याची साधी सोय आणि एक प्रशिक्षित माणूस द्यावा. रोपवाटिकांतली मातृझाडं, म्हणजे ज्यांच्यापासून रोपं तयार करतात ती झाडंही तिथेच तपासावीत. पुढच्या मृगाआधी हे व्हावं, ही कळकळीची विनंती.

— एक डाळिंब उत्पादक, सटाणा (जि. नाशिक)