वॉरहॉलने फ्रिज झाकायला लावला नव्हता

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला अमेरिकन पॉप आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलवरचा लेख वाचला. ‘रिअ‍ॅलिटी शोचा जनक’ ही पदवी आपल्या लेखकाने इतक्या सढळ हाताने दिली आहे, की वॉरहॉल १९८७ सालीच गेला हे बरे झाले असे वाटले.

त्याला प्रसिद्धीचे वेड होते, मान्य. ‘फॅक्टरी’ या त्याच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत वावरणाऱ्या पोरापोरींना तो ‘सुपरस्टार’ म्हणे, आणि त्यातली एडी सेजविक पुढे नशेपायी तरुणपणीच गेली तेही वाचलेले आहे. पण ‘स्क्रीन टेस्ट’ नावाच्या त्याच्या छोट्या मूकपटांत काय असे? समोर एक माणूस, तीनेक मिनिटे नुसता चेहरा. ‘स्लीप’ या त्याच्या चित्रपटात तर एक कवी पाच तासांवर झोपलेलाच आहे. रडा म्हणून कोणी मागे लागत नाही.

आमच्याकडचे ऐका. माझा पुतण्या गाण्याच्या एका स्पर्धेत निवडला गेला, तेव्हा वाहिनीची मंडळी ‘संघर्ष’ टिपायला घरी आली. दोन दारांचा फ्रिज बघून त्यांचे चेहरे पडले. त्यावर चादर टाकायला लावली. गॅस असताना शेजारून स्टोव्ह आणवला. भाऊ रीतसर निवृत्त झालेला, तर “काकांची नोकरी गेली असं म्हणूया का?” वहिनीला काही केल्या रडू येईना, म्हणून तिच्या आईचा विषय काढला. त्या जाऊन वर्षही झाले नव्हते. मग रडली. तेवढे अख्खे दाखवले आणि पोराचे गाणे अर्ध्या कडव्यावर कापले. भविष्यात प्रत्येकाला पंधरा मिनिटांची प्रसिद्धी मिळेल, हे वाक्य वॉरहॉलच्या नावावर सांगतात; त्या पंधरा मिनिटांपैकी पुतण्याच्या वाट्याला सव्वा मिनिट आले असेल. सोसायटीतले लोक अजून दबक्या आवाजात विचारतात, “आता बरं चाललंय ना?”

रिअ‍ॅलिटी शोचा पूर्वज हवाच असेल तर लेखकाने १९७३ची ‘अ‍ॅन अमेरिकन फॅमिली’ ही टीव्ही मालिका बघावी. कॅलिफोर्नियातल्या लाउड कुटुंबाच्या घरात सात महिने कॅमेरे होते आणि बाईंनी नवऱ्याकडे घटस्फोट मागितला तोही त्यांच्यासमोरच. थोरला मुलगा लान्स वॉरहॉलचा भक्त होता, तो धागा लेखकाला सापडला असता तर निदान वाद घालायला मजा आली असती.

आणि हो, लेखासोबतचे वॉरहॉलचे मर्लिन मन्रोचे चित्र. मूळ चित्रात पन्नास मर्लिन आहेत, डावीकडच्या पंचवीस भडक रंगांत, उजवीकडच्या काळ्या शाईत. आपण सगळ्याच काळ्या छापल्यात. रंगीत पान गृहप्रकल्पाच्या जाहिरातीला गेले होते, ते दिसलेच.

— एक वर्गणीदार, कोथरूड, पुणे