जुन्या-नव्या संगणकांच्या जोडणीसाठी सुरक्षा काढून टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्या सुमारास अनेक घरांत विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप आला. जुना डेस्कटॉप मात्र कोणी लगेच भंगारात काढत नाही. त्यावर वर्षानुवर्षांचे फोटो आणि हिशेब असतात, आणि घरी अक्षरजुळणीचे काम करणाऱ्यांकडे तर पेजमेकर व श्रीलिपीत केलेल्या पुस्तकांच्या आणि लग्नपत्रिकांच्या फायली असतात, ज्या नव्या यंत्रावर सरळ उघडतही नाहीत. साहजिकच दोन्ही संगणक घरच्या नेटवर्कवर जोडून फोल्डर शेअर करण्याची गरज पडते, आणि तिथेच घोडे पेंड खाते. अशा वेळी दुरुस्तीला आलेले तंत्रज्ञ बऱ्याचदा फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी भिंत, बंद करतात, पासवर्डची अट काढून टाकतात आणि ‘एसएमबी १’ नावाची जुनी सोय पुन्हा चालू करून देतात. हे तिन्ही उपाय बहुतेक घरांत अनावश्यक आणि सगळ्याच घरांत धोक्याचे आहेत, हे वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

विंडोजचे दोन संगणक एकमेकांच्या फायली ज्या नियमसंचाने मागतात, त्याला एसएमबी म्हणतात. विंडोज एक्सपीला त्याची फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी आवृत्ती व्हिस्टाबरोबर आली, २००९ च्या विंडोज ७ मध्ये २.१ आली, विंडोज ८ मध्ये ३.० आणि विंडोज १० मध्ये ३.१.१. जोडणी सुरू होताना दोन्ही संगणक आपापल्याला काय येते ते सांगतात आणि दोघांनाही येणारी सर्वांत नवी आवृत्ती निवडतात. याचा सरळ अर्थ असा की, विंडोज ७ आणि विंडोज ११ यांचे २.१ वर व्यवस्थित जमते व त्यासाठी एसएमबी १ ची काडीचीही गरज नसते. तरीही विंडोज ७ चा संगणक दिसला की ‘जुना आहे, एसएमबी १ चालू करावे लागेल’ असे ठोकून दिले जाते. आवृत्तीमुळे खरोखर अडते ते फक्त एक्सपीशी.

या पहिल्या आवृत्तीची भीती उगाच घातली जात नाही. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम तिच्यातीलच एका त्रुटीतून एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. त्रुटी बुजवणारा दुरुस्तीसंच मार्च २०१७ मध्येच निघाला होता, पण ज्यांनी तो बसवला नाही त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या; ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांची कामेही त्यात अडकली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ चा सर्व्हर भाग (आपल्या फायली दुसऱ्यांना देणारा) बसवणे थांबवले आणि क्लायंट भागही (दुसऱ्यांच्या फायली मागणारा) काही दिवस वापरला नाही तर आपोआप निघून जाईल अशी व्यवस्था केली. जे जाणीवपूर्वक काढले गेले, ते आपण फोटो पाहण्यासाठी परत बसवायचे, हे मला मुळीच पटत नाही.

गोंधळाचे एक मोठे कारण असे की, संगणक ‘दिसणे’ आणि संगणकाशी ‘जोडले जाणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी नेटवर्कच्या खिडकीत शेजारच्या संगणकांची जी यादी दिसे, ती बनवणारी सेवा एसएमबी १ वर अवलंबून होती. ते निघून गेल्यावर यादी रिकामी दिसू लागली आणि लोकांना वाटले की जोडणीच तुटली. आता हे काम दुसरी यंत्रणा करते. त्यासाठी जो संगणक दिसायला हवा, त्यावर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू असावी लागते. पण यादीची वाट पाहण्याचेही कारण नाही. जुन्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा दिली की त्याचा पत्ता मिळतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. नव्या लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन तो पत्ता टाइप करावा आणि काय होते ते नीट पाहावे. नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली, तर नेटवर्क ठणठणीत आहे आणि अडचण फक्त ओळख पटण्याची आहे. बराच वेळ थांबून ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असा संदेश आला, तर वाट अडली आहे आणि पासवर्डशी खेळत बसण्यात अर्थ नाही. एवढ्या एका चाचणीने निम्मा शोध संपतो.

वाट कुठे अडते, याचे आमच्या गल्लीतलेच एक उदाहरण देतो. घरी अक्षरजुळणी करणाऱ्या एका भगिनींचा विंडोज ७ चा संगणक केबलने जुन्या राउटरला जोडलेला होता, तर नवा लॅपटॉप फायबरच्या नव्या डब्याच्या वाय-फायवर होता. आलेल्या तंत्रज्ञाने दोन्हीकडची फायरवॉल बंद केली होती, एसएमबी १ चालू केले होते आणि संपूर्ण सी ड्राइव्ह सर्वांना पूर्ण अधिकार देऊन शेअर केला होता. तरीही फोल्डर उघडत नव्हते. पत्ते पाहिले तेव्हा लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता आणि जुन्या संगणकाचा १९२.१६८.० ने. एका घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झाली होती आणि जुन्या राउटरच्या पलीकडे लॅपटॉपला जाताच येत नव्हते. जुन्या संगणकाची केबल सरळ फायबरच्या डब्यात लावल्यावर पत्ते जुळले. राउटर बदलला की विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क समजून ‘पब्लिक’ या गटात टाकते व शेअरिंग रोखते, म्हणून जुन्या संगणकावर ते ‘होम’, म्हणजे घरचे नेटवर्क, केले. त्यानंतर फायरवॉल पुन्हा चालू केली, एसएमबी १ काढून टाकले, सी ड्राइव्हचे शेअरिंग बंद करून कामाचे एकच फोल्डर शेअर केले, आणि सगळे सुरळीत चालू झाले. वर्कग्रुपचे, म्हणजे संगणकांच्या गटाचे, नाव जुळत नाही म्हणूनही लोक तासन्‌तास घालवतात, पण पत्ता टाइप करून जाताना त्याने काही बिघडत नाही.

पासवर्डबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वाट मोकळी झाल्यावर पुढचा अडथळा बहुधा तोच असतो. घरच्या जुन्या संगणकावर खात्याला पासवर्डच नसतो, आणि पासवर्ड नसलेल्या खात्याने नेटवर्कवरून आत येऊ द्यायचे नाही, असा विंडोजचा मूळचाच नियम आहे. यावर पासवर्डची अट काढणे हा उपाय नव्हे. जुन्या संगणकावर केवळ शेअरिंगसाठी एक साधे खाते उघडून त्याला पासवर्ड द्यावा, त्या फोल्डरपुरताच त्याला अधिकार द्यावा आणि लॅपटॉपवर तेच नाव व पासवर्ड टाकून तो लक्षात ठेवायला सांगावे. उलट दिशेने, म्हणजे लॅपटॉपवरचे फोल्डर जुन्या संगणकावर उघडताना, लॅपटॉपचा चार-सहा आकडी पिन चालत नाही. तो त्या यंत्रापुरताच असतो, तेव्हा खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत, प्रो प्रकारात, बिनपासवर्डाची पाहुणा-जोडणी बंदच ठेवली आहे आणि प्रत्येक निरोपावर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची केली आहे. खाते आणि पासवर्ड नीट असतील तर विंडोज ७ लाही ही स्वाक्षरी जमते. विंडोज ७ मध्ये आलेली, घरातल्या संगणकांत फायली शेअर करण्याची ‘होमग्रुप’ ही सोय २०१८ मध्येच विंडोज १० मधून काढून टाकली आहे, म्हणून ती वापरायला सांगणाऱ्या जुन्या सूचना आता निरुपयोगी आहेत.

राहता राहिला एक्सपी. त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला असला तरी जुन्या फाँटसाठी आणि जुन्या प्रिंटरसाठी तो अनेक ठिकाणी अजून चालू आहे, आणि तो फेकून द्या असे पोटापाण्यासाठी त्यावर बसणाऱ्याला सांगणे अन्यायाचे होईल. तो इंटरनेटपासून तोडावा आणि फायली पेनड्राइव्हने, नव्या संगणकावर तपासून, न्याव्यात. अगदीच निरुपाय झाला तर फोल्डर एक्सपीवर ठेवून नव्या संगणकावर एसएमबी १ चा फक्त क्लायंट भाग चालू करावा, सर्व्हर भागाला हात लावू नये, आणि काम झाल्यावर तोही काढून टाकावा.

संगणक दुरुस्त करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. ग्राहकाच्या घरून निघताना फायरवॉल, शेअरिंग आणि पासवर्ड यांच्या मांडणीत आपण काय बदलले, ते बिलाच्या मागे मराठीत दोन ओळींत लिहून द्यावे. आपल्या दैनिकानेही संगणकविषयक मजकुरात या जोडणीच्या सुरक्षित पद्धतीला सचित्र जागा द्यावी.

आपला,
एक संगणक शिक्षक, सातारा