भिंतीवर दोन फूट जागा सोडली आहे

प्रिय मित्रा,

तुझ्या नानांच्या सहीच्या कामांचा हिशोब मी भिंतीवर लिहिला, म्हणून परवा रात्री तू फोनवर जे बोललास ते मनातून जात नाही. "नानांची अब्रू चव्हाट्यावर मांडण्याआधी एकदा माझा तरी विचार करायचास," असं म्हणून तू फोन ठेवलास. विचार केला होता रे. तुझाही केला आणि नानांचाही. त्यांच्याच सायकलवर बसून आपण जत्रेला जायचो, पुढे नळीवर तू आणि मागे कॅरिअरवर मी, ते विसरलेलो नाही. म्हणूनच पत्र लिहितोय. फोनवर तुझा आवाज चढला की माझाही चढतो आणि सांगायचं ते राहून जातं.

आधी एक सांगतो. नानांचं नाव मी भिंतीवर लिहिलेलंच नाही. तुला कुणी सांगितलं असेल त्यानं भिंत पाहिलेली नाही. शाळेच्या वाटेवरच्या त्या मोठ्या भिंतीवर रोजगार हमीच्या सहा कामांचा हिशोब आहे. कामाचं नाव, मजुरांची नावं, प्रत्येकाचे दिवस, मजुरी. पोरांचा आग्रह होता की नानांचं चित्र काढ, खिशातून नोटा सांडताहेत असं. मी साफ नाही म्हणालो. चित्रावर गाव दोन दिवस हसलं असतं, तिसऱ्या दिवशी भावकीत भांडणं लागली असती आणि आकडे राहिले असते बाजूला. आकड्यावर कुणाला चिडता येत नाही. तो बरोबर आहे की चूक, एवढंच विचारता येतं.

तुला माझा धंदा माहीत आहे. फ्लेक्स येण्याआधी पंचक्रोशीतल्या भिंती मीच रंगवायचो. निवडणूक लागली की रात्र रात्र शिडीवर. एका भिंतीवर पंजा, दुसरीवर कमळ, तिसरीवर धनुष्यबाण. वीस वर्षं मी पुढाऱ्यांची आश्वासनं दीड-दीड फुटी अक्षरांत लिहिली. पुढे त्यातलं काय झालं, हे लिहायला मला कधी कुणी बोलावलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

ते डोक्यात आलं राजस्थानात. काही वर्षांपूर्वी आम्ही पंचवीस-तीस जण बस करून तिकडे गेलो होतो, आठवतंय ना? राजसमंद जिल्ह्यात देवडुंगरी म्हणून छोटंसं गाव आहे. आयएएसची नोकरी सोडलेल्या अरुणा रॉय, निखिल डे आणि तिथलेच शंकर सिंह, हे १९८७ साली तिथं मातीच्या घरात राहायला आले. पुढे १९९० च्या कामगार दिनी 'मजदूर किसान शक्ती संघटन' उभं राहिलं. भांडण होतं पुऱ्या मजुरीचं. मजूर म्हणायचे, आम्ही इतकं काम केलं. साहेब म्हणायचे, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, तसं नाही. मस्टर दाखवा म्हटलं, तर ते गुपित! मग त्यांनी कागद मिळवायचे आणि भर मांडवात गावासमोर मोठ्यानं वाचायचे असं सुरू केलं. त्याला ते 'जनसुनवाई' म्हणतात. पहिली झाली कोट किराना गावात, डिसेंबर १९९४ मध्ये. नाव वाचायचं आणि विचारायचं, हा माणूस कामावर होता का? उत्तर समोर बसलेल्या माणसांनी द्यायचं. मला आपल्या गाडगेबाबांचं कीर्तन आठवलं. तेही असंच प्रश्न टाकायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे.

राजस्थानातल्याच ब्यावर शहरात चांग गेटपाशी मी मुद्दाम बराच वेळ थांबलो. ६ एप्रिल १९९६ पासून ४० दिवस भर उन्हाळ्यात लोक तिथं धरण्यावर बसले होते. मागणी एकच, खर्चाच्या कागदांच्या प्रती द्या. खेड्यांतून धान्य आलं, बाजारातल्या भाजीवाल्यांनी भाजी दिली. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्याच लोकांची. दगड कुणी उचलला नाही. गाणी होती, बाहुल्या होत्या, नाटकं होती. त्यांच्या चळवळीत शंकर सिंह स्वतः सजवलेल्या गाडीवर पुढारी होऊन उभे राहायचे आणि आपण किती मोठे घोटाळे करणार याची आश्वासनं द्यायचे. त्याला नाव होतं 'घोटाळा रथयात्रा'. त्यात अमुक एका माणसाचं सोंग नव्हतं. बघणाऱ्याला आपापल्या गावचा पुढारी त्यात दिसायचा. म्हणूनच मी पोरांना म्हणालो, सोंग काढायचं तर असं काढा, कुणाच्या घरावर जाऊ नका.

आणि तिथं एका पंचायतीच्या भिंतीवर मी ते पाहिलं. मजुरांची नावं आणि त्यांचे दिवस, रंगात. अक्षर काही बरं नव्हतं, शिरोरेघा वरखाली गेलेल्या. पण एक बाई घागर उतरवून आपलं नाव शोधत उभी होती. माझ्या वीस वर्षांच्या भिंतींसमोर असं कुणी उभं राहिलेलं मला आठवत नाही.

अरे, रोजगार हमी तर आपल्याच मातीतली. बहात्तरच्या दुष्काळात तुझी आजी आणि माझी आई एकाच नालाबांधावर होत्या. कामावर मिळणाऱ्या खाऊची, सुकडीची पुडी घरी आणायच्या. विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांची ती कल्पना, १९७७ साली आपल्या विधिमंडळानं तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशानं उचलला. काम मागायचा हक्क आपण दिला. हिशोब मागायचा हक्क त्या राजस्थानी मजुरांनी उभा केला, आणि माहिती अधिकाराचा कायदाही त्याच वर्षी, २००५ मध्येच आला. दोन्ही एकत्र वापरले तरच उपयोग आहे.

मी दुसरं काही केलं नाही. दहा रुपयांचा स्टँप लावून अर्ज दिला. पानाला दोन रुपयांप्रमाणे पैसे भरले, ८४ पानं मिळाली. भिंतीला दोन हात चुना दिला, निळीच्या दोरीनं सूत मारून रेघा पाडल्या आणि गेरूच्या रंगात लिहायला बसलो. पाच दिवस लागले. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीतली आपली आजी आली, आपल्याला बोरं द्यायची ती. म्हणाली, "बाबा, माझं नाव हाय का रं यात?" मी दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिनं ओल्या रंगाला न लावता बोट नावाखालून फिरवलं आणि पुढचा आकडा विचारला. मी सांगितलं, ४१ दिवस. ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्या दोन महिन्यांत मी लेकीच्या बाळंतपणाला गेले हुते. पाटी कुणी उचलली?"

मजुरी जमा होणाऱ्या खात्याचं तिचं पासबुक मुकादमाकडे असायचं, सांभाळायला म्हणून. वरच्या आळीतल्या आणखी अकरा बायांचंही तिथंच. तुला भिंत बोचली, मला हे बोचलं.

दुसऱ्या दिवशी त्या बारा जणी ग्रामपंचायतीच्या पायरीवर येऊन बसल्या. शिव्या नाहीत, घोषणाही नाहीत. आजीनं जात्यावरच्या चालीत ओवी धरली आणि बाकीच्यांनी उचलली:

हजेरीच्या कागदात माझं नाव कुणी लिवलं?
न्हाई उचलली पाटी, पैसं कुणाला पावलं?

तीन सकाळी त्या तशाच बसल्या. चौथ्या सकाळी बाराच्या बारा पासबुकं परत आली. पैसे अजून आलेले नाहीत.

मित्रा, नानांनी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी भिंतीवर लिहिणार नाही. पण कागदांवर सही त्यांची आहे. सही करणाऱ्याला विचारायचं नाही, तर कुणाला विचारायचं? तू म्हणालास, घरी येऊन विचारायचंस. घरी विचारलं असतं तर नानांनी मला चहा दिला असता आणि उत्तरही दिलं असतं. पण ते मला एकट्याला मिळालं असतं. आजीचे ४१ दिवस गेले ते गावाच्या नावावर, मग उत्तरही गावासमोरच यायला हवं.

घाई करण्याला आणखी एक कारण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटाच्या कायद्यानं माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातलं वैयक्तिक माहितीचं पोटकलम बदललं आहे. एखादी माहिती वैयक्तिक असली तरी लोकहितासाठी ती देण्याची वाट त्या पोटकलमातच होती, ती तिथून काढली आहे. उद्या मस्टरवरची नावं वैयक्तिक म्हणून झाकली, तर माझ्या हातात नुसते आकडे येतील. ४१ दिवस, पण कुणाचे? आजीला बोट ठेवायला नावच उरणार नाही. या एका गोष्टीनं मला रात्री झोप लागत नाही.

१५ ऑगस्टची ग्रामसभा गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झाली. आता २ ऑक्टोबरला आहे. मी त्या दिवशी भिंतीवरची यादी मोठ्यानं वाचणार आहे, एकेक नाव. भांडण होणार नाही, बायांनी पोरांकडून तसा शब्द घेतलाय.

भिंतीच्या उजव्या टोकाला वरपासून खालपर्यंत दोन फूट रुंद पट्टा मी कोरा सोडलाय. नुसता पांढरा चुना. परवा नाना संध्याकाळी एकटेच तिथं उभे होते. मी शिडी घेऊन चाललो होतो. त्यांनी विचारलं, "इथं काय लिहिणार आहेस?" मी म्हणालो, "नाना, ती जागा तुमच्या उत्तराची. तुम्ही सांगाल ते, तुमच्याच शब्दांत, एक काना-मात्रा न बदलता लिहीन." ते काही बोलले नाहीत, पण लगेच गेलेही नाहीत. बराच वेळ भिंत वाचत उभे राहिले.

तू २ तारखेला ये. माझ्या बाजूनं बोल असं म्हणत नाही, नानांच्या शेजारी बस. आणि येताना पुण्याहून एक इंची चपटे ब्रश घेऊन ये, चांगल्या केसांचे दोन. इथले दोन ओळींतच फिसकटतात आणि त्या पट्ट्यावरचं अक्षर मला नीट काढायचं आहे.

तुझाच,
पेंटर