बाटल्या रंगवायला नव्हे, कापायला हात हवेत

महोदय,

दिवाळी जवळ आली की टाकाऊ काचेपासून शोभेच्या वस्तू बनवणाऱ्या पुण्यातल्या सामाजिक उपक्रमांकडे महाविद्यालयीन मुलांचे गट येऊ लागतात. कुणाचा क्षेत्र प्रकल्प असतो, कुणाला राष्ट्रीय सेवा योजनेचे तास भरायचे असतात, काहींना खरीच हौस असते. आल्या आल्या त्यांच्या हाती ब्रश दिला जातो. आम्ही काचकाम शिकवतो. रंगवायला माणसे कमी पडत नाहीत; माल वाया जातो तो कापताना आणि घासताना. शिवाय रंग, सरस आणि चमकी फासलेली बाटली विकली गेली नाही, तर भंगारवालाही ती घ्यायला कुरकुरतो.

कापण्याचेच घ्या. बाटली कटरने, म्हणजे काचेवर रेघ ओढणारे छोटे धारदार चाक असलेल्या हत्याराने, रेघ एकदाच मारायची. चाकाला तेलाचा थेंब, हलका दाब, पूर्ण एक फेरा. बारीक, एकसारखी किरकिर ऐकू येत राहिली पाहिजे. ती मध्येच थांबली तर तिथे रेघ उमटलेली नाही. मुले मग त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवतात, काचेला आडवे फाटे फुटतात आणि चाकही बोथट होते. रेघेवर किटलीतून गरम पाण्याची बारीक धार, बाटली फिरवत दहाएक सेकंद; मग नळाचे पाणी. असे तीन-चार वेळा केले की बाटली आपोआप सुटते. बर्फाचे पाणी वापरले की तडा रेघ सोडून भरकटतो. खांदा, बूड आणि उठावाची अक्षरे यांच्याजवळ काचेची जाडी बदलते, म्हणून तिथे रेघ नकोच. स्पिरिटमध्ये भिजवलेला दोरा पेटवण्याचा प्रकार तर वर्गात करूच नये: बोटभर रुंद पट्टा तापतो, तडा कुठे जाईल याचा नेम नसतो आणि शेजारीच स्पिरिटची बाटली उघडी असते.

काठ घासताना मुले कंटाळतात. वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद; नंबर वाढेल तसा बारीक) ८०, १२०, २२० आणि शेवटी ४०० नंबरचा, प्रत्येक वेळी ओला. पुण्यात बोहरी आळीत सगळे मिळतात. आधीच्या नंबरचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढचा घेऊ नये. कोरडे घासले तर काचेची पूड नाकात जाते. बाहेरची कड सगळेच घासतात, आतली राहून जाते आणि पुसताना बोट तिथेच कापते. कापसाचा बोळा काठावरून फिरवावा. एक तंतू जरी अडकला तरी काम बाकी आहे.

बाटल्या चपट्या करून थाळ्या करायच्या तर भट्टी सुमारे ७८० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत न्यावी लागते. तापमान उतरताना ५४० अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास थांबवून पुढे सावकाश थंड करायची. घाईने उघडलेल्या भट्टीतली थाळी कधी कधी चार दिवसांनी, कपाटात ठेवल्या जागी तडकते. उत्साही मुले प्रयोगशाळेतले फुटके बीकरही घेऊन येतात. ती बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी, काच तापल्यावर बाटलीच्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे दोन्ही एकत्र वितळवल्या तर थंड होताना सांधा फुटणारच. जुन्या, एलईडी नसलेल्या ट्यूबलाइट घेऊच नयेत, त्यांत पारा असतो.

बाटलीचा दिवा करताना भोक डायमंड बिटने (काचेसाठीच्या ड्रिलच्या टोकाने), पाणी घालत, कमी वेगाने पाडावे आणि भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारे कडे, बसवावे. ते तापकीर गल्लीत मिळते. नाहीतर काचेची कड वायरचे आवरण कापते.

एका दिवसासाठी साठ मुले पाठवण्यापेक्षा सहा मुले सलग आठ शनिवार पाठवावीत. त्यांच्या हाती वही द्यावी: बाटली कोणती, काच किती जाड, रेघ कुठे मारली, फुटली ती कोणत्या पायरीला. शंभर बाटल्यांची नोंद झाली की कुठल्या बाटल्या कापायच्याच नाहीत ते कळते. अभियांत्रिकीच्या मुलांनी बाटली डगमगू न देणारा लाकडी साचा करून दिला, तर तो रंगवलेल्या पन्नास बाटल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

घासल्याचे पांढरे पाणी मोरीत ओतू नये; गाळ नळीत बसतो. बादलीत रात्रभर ठेवून वरचे पाणी काढावे. फुटके तुकडे जाड पुठ्ठ्यात बांधून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहावे. सकाळी ते पुडके कचरावेचक ताई हाताने उचलतात.

आपले,
काचकामाचे काही प्रशिक्षक, पुणे